चाळीस उड्यांनंतर सेकंडहँड रिग: घ्यावी का?

प्रश्न स्कायडायव्हिंगचा, म्हणजे पॅराशूट घेऊन विमानातून उडी मारण्याचा, आणि थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्याचे. स्पेनमध्ये एएफएफ (विद्यार्थ्यांचा सुरुवातीचा कोर्स) केलं, ए लायसन्स (पहिला परवाना) हातात आलं, चाळीसेक उड्या झाल्या. वजन ७२ किलो. ओळखीतून एक पूर्ण रिग (पाठीवरचा पॅराशूटचा संच) स्वस्तात मिळते आहे: मेन (मुख्य पॅराशूट) १५० चौरस फुटांची, रिझर्व्ह (राखीव पॅराशूट) १२६ ची, कंटेनर (दोन्ही मावणारी पाठपिशवी) २००६ चा, एएडीची (रिझर्व्ह आपोआप उघडणाऱ्या यंत्राची) दोन वर्षं शिल्लक. मेनच्या कापडाला एके ठिकाणी बारीक फाटलं आहे, ते "आमच्या गल्लीतला शिंपी शिवून देईल" असं त्यांचं म्हणणं. उड्या वर्षातून एकदाच, सुट्टी काढून परदेशी गेल्यावर. घेऊ का?

उत्तर आधीच देतो: घेऊ नका. रिग खराब आहे म्हणून हे म्हणत नाही. तीनशे-चारशे उड्या झालेल्या आणि दर शनिवार-रविवारी ड्रॉपझोनवर (उड्या मारण्याच्या तळावर) असणाऱ्या माणसासाठी ती कदाचित अगदी योग्य असेल. तुमच्यासाठी आज ती लहान आहे, आणि मेन, रिझर्व्ह, कंटेनर अशी तिन्ही बाजूंनी लहान आहे. मी रिगर म्हणून रोज दुसऱ्यांची पॅराशूट उघडून तपासतो आणि कॅनपी (उघडलेलं पॅराशूट) उडवायला शिकवतोही, त्यामुळे ही दोन्ही कामं एकमेकांत किती गुंतलेली आहेत ते सतत दिसतं. रिग निवडताना एकच गोष्ट धरून चालावं: तुमची सगळ्यात वाईट लँडिंग या कॅनपीवर कशी होईल? वारा पडलेला, ऊन तापलेलं, ड्रॉपझोन हुकलेला, समोर अनोळखी शेत आणि मधे विजेच्या तारा. त्या दिवशी डोक्यावर किती कापड असेल, हे आज पैसे देताना ठरतं.

आता हिशेब करू. विंग लोडिंग म्हणजे विमानातून बाहेर पडताना तुमचं सगळं मिळून असलेलं वजन पौंडांत, भागिले कॅनपीचं क्षेत्रफळ चौरस फुटांत. बरेच जण फक्त अंगाचं वजन धरतात आणि तिथेच फसतात. रिग, हेल्मेट, सूट, बूट मिळून साधारण १२ किलो धरा. ७२ आणि १२ मिळून ८४ किलो, म्हणजे १८५ पौंड. १९० च्या कॅनपीवर लोडिंग येतं ०.९७. १७० वर १.०९. १५० वर थेट १.२३. अनेक प्रशिक्षक एक साधा नियम पाळतात: पहिल्या शंभर उड्या १.० च्या आसपास, मग दर शंभर उड्यांना जास्तीत जास्त ०.१ वाढवायचं. त्या हिशेबाने १.२३ तुम्हाला तीनशे उड्यांच्या पुढे शोभेल. आणि हा नियम नियमित उड्या मारणाऱ्यांसाठी आहे. वर्षातून एकदा येणाऱ्यांनी त्याहून मागे राहावं.

ही शेवटची गोष्ट भारतातल्या जम्परला फार लागू पडते, म्हणून जरा थांबतो. यूएसपीएच्या (अमेरिकेतल्या स्कायडायव्हिंग संघटनेच्या) नियमांत ए लायसन्सवाल्याने ६० दिवस उडी मारली नाही तर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली परत सुरुवात करावी लागते. तुमच्या बाबतीत ते दर वर्षी होणार. चाळीस उड्या एका महिन्यात मारलेला माणूस आणि तीन वर्षांत मिळून चाळीस मारलेला माणूस यांच्या लॉगबुकात आकडा सारखाच दिसतो, पण फ्लेअरचं (टेकताना दोन्ही टॉगल, म्हणजे ब्रेकच्या मुठी, ओढून वेग कमी करण्याचं) टायमिंग सारखं नसतं. हाताला झालेली सवय अकरा महिन्यांत जाते. त्यामुळे सुट्टीतल्या पहिल्या दोन-तीन उड्या तुम्ही प्रत्येक वेळी जवळजवळ विद्यार्थी म्हणूनच मारणार आहात. कॅनपीही त्याला साजेशी मोठी हवी.

एक जोड इथेच देतो. वजन कमी असलेल्यांना, विशेषतः पन्नास-पंचावन्न किलोच्या मुलींना, "तुझं लोडिंग १.० च येतं, १३५ घे" असं सर्रास सांगितलं जातं. तसं करू नका. लोडिंग तेच असलं तरी लहान कॅनपीच्या दोऱ्या आखूड असतात, ती पटकन वळते आणि वळणात जास्त वेगाने खाली जाते. १.० लोडिंगची १९० आणि १.० लोडिंगची १३५ या दोन वेगळ्याच चीजा आहेत.

मेन मोठी घेता येईल, मग हाच कंटेनर ठेवून फक्त मेन बदलू, असं तुमच्या मनात आलं असेल. होत नाही. कंटेनर ठरावीक मापाच्या कापडासाठी शिवलेला असतो. १५० साठी शिवलेल्या ट्रेमध्ये (मेनच्या कप्प्यात) १९० कोंबली तर क्लोजिंग लूप (कंटेनर बंद ठेवणारा दोरीचा फासा) प्रमाणाबाहेर ताणावा लागतो, फ्लॅप नीट बसत नाहीत, डिप्लॉयमेंट बॅग (मेनची घडी ठेवायची पिशवी) बाहेर यायला अडते. रिझर्व्हच्या कप्प्यात तर असली तडजोड करायचीच नाही. म्हणून खरेदीचा क्रम उलटा हवा: आधी रिझर्व्ह ठरवा, मग मेन, मग त्या दोघांना सामावणारा कंटेनर. दुकानात लोक कंटेनरच्या रंगापासून सुरुवात करतात.

रिझर्व्हबद्दल जरा तपशिलात. १८५ पौंडांना १२६ ची रिझर्व्ह म्हणजे लोडिंग १.४७. विक्रेता म्हणेल, "अहो, रिझर्व्ह कोण रोज उडवतं?" नेमकं तेच कारण आहे. ती उडवायची वेळ येते तेव्हा मेन बिघडलेली असते, उंची संपत आलेली असते, हात थरथरत असतात आणि ती कॅनपी तुम्ही आयुष्यात पहिल्यांदाच हाताळत असता. रिझर्व्ह सात सेलची (हवेने फुगणाऱ्या कप्प्यांची), कमी सच्छिद्र नायलॉनची असते. आजच्या मेन झिरो-पोरॉसिटी कापडाच्या, तिच्यातून हवा जवळपास जातच नाही. दोन्हींचा फ्लेअर वेगळा लागतो. शिवाय एएडीने रिझर्व्ह उघडली याचा अर्थ कदाचित तुम्ही बेशुद्ध आहात. सायप्रेस या एएडीचं नेहमीचं एक्स्पर्ट मॉडेल साधारण २२५ मीटर उंचीवर, वेग सेकंदाला ३५ मीटरहून जास्त असेल तर रिझर्व्हचा लूप कापतं. त्यापुढे टॉगल ओढायला, फ्लेअर द्यायला कोणी नाही. ब्रेक अर्धवट लावलेल्या अवस्थेत ती जमिनीला टेकणार. तेव्हा १२६ ऐवजी १७६ किंवा १९० असली तर काय फरक पडतो, हे माझ्यापेक्षा हाडांचे डॉक्टर चांगलं सांगतील.

आता १५० ची बाजूला ठेवू. पुढेमागे तुम्हाला १९० मेनची रिग मिळाली, तर टेबलावर पसरून काय बघायचं?

मी सगळ्यात आधी दोऱ्या बघतो. कापड हजार उड्यांनाही धड राहतं, दोऱ्या त्याच्या खूप आधी जातात. जाड, ताणल्या जाणाऱ्या डेक्रॉनच्या असतील तर उत्तम, उघडणं मऊ होतं. बऱ्याच वापरलेल्या कॅनपींवर स्पेक्ट्रा असते, पांढरट आणि बारीक. स्पेक्ट्रा मजबूत आहे, पण उष्णतेला कच्ची. कॅनपी उघडताना स्लायडर (दोऱ्यांवर सरकणारा कापडी चौकोन) दोऱ्यांवरून वेगाने खाली येतो आणि त्याच्या धातूच्या कड्या घासून दोऱ्या तापतात. दर उडीला थोडं थोडं करत त्या आकसतात. सगळ्यात जास्त आकसते ब्रेकलाइन (टॉगलपासून कॅनपीच्या मागच्या कडेपर्यंत, म्हणजे शेपटीपर्यंत जाणारी दोरी), कारण ती बाहेरच्या बाजूला घासतेही जास्त आणि उडताना तिच्यावर ताण फारसा नसल्याने परत ताणलीही जात नाही. मागे एक मुलगा त्याची रिग घेऊन आला होता. तक्रार अशी की फ्लेअरला दम नाही, लँडिंगला दर वेळी गुडघे टेकतात. प्रशिक्षकांनी टायमिंग सुधारायला सांगून पाहिलं होतं. मी दोन्ही ब्रेकलाइन खिळ्याला अडकवून, ठरावीक ताण देऊन, कारखान्याच्या तक्त्याशी मोजल्या. दोन्ही चार-पाच इंच आखूड. टॉगल पूर्ण वर सोडली तरी कॅनपीची शेपटी खाली ओढलेलीच राहत होती, म्हणजे त्याची कॅनपी कायम थोड्या ब्रेकमध्येच उडत होती. फ्लेअरसाठी लागणारा वेगच तिच्याकडे नव्हता. नवीन दोऱ्या घातल्या आणि त्याच सुट्टीत तो उभ्याने उतरू लागला.

ही तपासणी तुम्ही स्वतः हवेत करू शकता. पूर्ण उंचीवर, टॉगल पूर्ण सोडून वर मागे बघा. ब्रेकलाइन वाऱ्याने मागे फुगून थोडी बाकदार दिसली पाहिजे आणि शेपटी सरळ हवी. ब्रेकलाइन तारेसारखी ताठ असेल, शेपटीला सुरकुती पडली असेल तर रिगरकडे जा. व्हेक्ट्रान आणि एचएमए या दोऱ्या आकसत नाहीत, त्यांचा धोका दुसरा: त्या घासून झिजतात आणि फार आगाऊ सूचना न देता तुटतात. तिथे लांबी मोजण्यापेक्षा दोरीवरची लव बघायची, विशेषतः टॉगलच्या वरच्या भागात, जिथे ती रायझरच्या (खांद्यापासून दोऱ्यांपर्यंतच्या पट्ट्याच्या) कडीतून सतत ये-जा करते. विक्रेता "दोऱ्यांवर पाचशेच उड्या आहेत" म्हणाला, तर नवीन दोऱ्यांचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

मग कापड. कॅनपीच्या नाकाजवळचं (पुढच्या कडेजवळचं), मधल्या सेलचं वरचं कापड तोंडाला लावा आणि हवा ओढून बघा. झिरो-पोरॉसिटी असेल तर हवा येणारच नाही. हवा येत असेल तर कापड थकलं आहे किंवा ते मुळात जुन्या पद्धतीचं आहे. नवं कापड पॅक करताना हातातून निसटतं, जुनं शहाण्यासारखं घडीत बसतं. म्हणून पॅक करायला फार सोपी कॅनपी दिसली की मी दोनदा बघतो. ती उन्हात किती राहिली असेल हाही प्रश्न असतोच. नायलॉनचा खरा शत्रू ऊन आहे. पॅकिंगच्या जागी सावली नसेल तर दोन उड्यांच्या मधे कॅनपी बॅगेत ठेवा, उघड्यावर पसरून चहाला जाऊ नका.

आता तुमच्या शिंप्याबद्दल. त्याच्या हातात कला असेलच, पण कॅनपीचं शिवणकाम वेगळं आहे. कापड ३० डेनियरच्या आसपासचं रिपस्टॉप (फाटणं पसरू न देणारं) नायलॉन, दोरा नायलॉनचा आणि ठरावीक ताकदीचा, एका इंचात टाके किती ते ठरलेलं. दोन पट्ट्या जोडताना कडा एकमेकांत दुमडून शिवतात, म्हणजे भार शिवणीवर एका ओळीत न येता कापडात पसरतो. दोरी जिथे कापडाला भेटते तिथे फितीचा तुकडा आणि दाट बारटॅक (एका जागी घातलेले घट्ट नागमोडी टाके). साध्या सुती दोऱ्याने घट्ट टाके घातले की सुई कापडाला भोकांची रांग पाडते आणि पुढच्या कडक उघडण्याला ते बरोबर त्या रांगेवरून फाटतं. फाटलेलं शिवणीपासून लांब आणि नखाएवढं असेल तर रिगर कदाचित चिकटपट्टीच्या रिपस्टॉपनेच भागवेल. शिवणीजवळ असेल किंवा दोरीच्या जोडापाशी असेल तर पट्टी बदलावी लागते. दोन्हींतलं काय हे त्याला ठरवू द्या. रिझर्व्हला तर सनदी रिगर आणि उत्पादक सोडून कोणीही सुई लावायची नाही.

हार्नेसमध्ये तीन गोष्टी बघा. पहिली तीन-कडी रिलीज, म्हणजे बिघडलेली मेन सोडून द्यायची (कटअवेची) सोय, १९७० च्या दशकात बिल बूथ यांनी आणलेली रचना. मोठी कडी, मधली, लहान, मग पांढरा लूप आणि त्यातून जाणारी पिवळी केबल. प्रत्येक कडी मागच्या कडीचा भार घटवते, म्हणून शेवटी एका लूपवर फार थोडा भार उरतो आणि कटअवेची उशी एका हाताने ओढता येते. महिन्यातून एकदा त्या सोडवा, फिती हाताने वाकवून मऊ करा, केबल पुसून उत्पादकाने सांगितलेलं वंगण लावा. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत कपाटात पडलेल्या रिगच्या कड्यांवर आणि केबलवर थर बसतो. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हे काम टाळूच नये. दुसरी गोष्ट क्लोजिंग लूप. एक धागा जरी तुटलेला दिसला तरी बदला, ही सगळ्यात स्वस्त वस्तू आहे. तिसरी, पायलट शूटची (मेन बाहेर ओढणाऱ्या छोट्या पॅराशूटची) किल-लाइन, म्हणजे मेन उघडल्यावर ते मिटवणारी दोरी. पॅक करताना तिला ओढून पायलट शूट 'कॉक' करायचं असतं, आणि छोट्या खिडकीत रंगीत खूण दिसली की ते तयार. खूण पूर्ण येत नसेल तर ती लाइनही आकसली आहे. अशा वेळी पायलट शूट अर्धवट फुगतं, कंटेनर उघडायला वेळ लागतो किंवा उघडतच नाही.

कागदपत्रं वेगळी तपासा. रिझर्व्हच्या कार्डावर शेवटचा पॅक कधीचा? अमेरिकेत रिझर्व्ह १८० दिवसांनी परत पॅक करावी लागते, २००८ च्या शेवटापर्यंत ही मुदत १२० दिवस होती. पीडी या कंपनीची रिझर्व्ह ४० वेळा पॅक झाली किंवा २५ वेळा वापरली गेली की कारखान्यात तपासणीला जाते, आणि तिच्यावरच्या लेबलावर त्यासाठी चौकटी छापलेल्या असतात. त्या चौकटी मोजा. सायप्रेसची आताची आयुर्मर्यादा साडेपंधरा वर्षं. तुम्हाला मिळणाऱ्या एएडीची दोनच वर्षं उरली असतील आणि तुम्ही वर्षातून एकदाच उडत असाल, तर ते दोन सुट्ट्यांपुरतं यंत्र आहे, त्याची किंमत जवळपास शून्य धरा. कंटेनरचा मालिका क्रमांक घेऊन उत्पादकाची सेवा-पत्रकं तपासा. काही देशांत ठरावीक वयापुढचं साहित्य चालत नाही, तेव्हा जिथे उडी मारणार तिथल्या ड्रॉपझोनला आधी पत्र लिहा.

इतकं सगळं ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, मग काय भाड्यानेच घ्यायची? हो. निदान पुढच्या दोन सुट्ट्या. भाड्याच्या रिगची देखभाल ड्रॉपझोन करतं, मुदती ते पाळतात, आणि तुम्हाला २१० वरून १९० वर, तिथून १७० वर हळूहळू उतरता येतं. स्वतःच्या पैशांनी आधी हेल्मेट, मनगटावरचा अल्टिमीटर, कानातला श्राव्य अल्टिमीटर आणि अंगाला नीट बसणारा सूट घ्या. सूट ढगळा नको, हँडलवर आलेलं कापड जीव घेऊ शकतं. पद्मश्री शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली, तेव्हापासून मला मराठी मुलामुलींकडून फेटा, साडी, झेंडा यांबद्दल नेमाने विचारणा होते. त्यांच्यामागे शेकडो उड्या होत्या. तुम्ही दोनशे होऊ द्या, मग बोलू.

उरलेले पैसे कॅनपी कोर्सवर घाला. यूएसपीएच्या बी लायसन्ससाठी तो लागतोच. मी माणूस बघतो तेव्हा रिगच्या आधी बघतो की त्याला सपाट वळण येतं का. गेली कित्येक वर्षं या खेळातल्या मृत्यूंचा मोठा वाटा पूर्ण उघडलेल्या, निर्दोष कॅनपीखालचा आहे. माणूस शेवटच्या क्षणी वाऱ्याच्या समोर तोंड करायला किंवा अडथळा चुकवायला खाली एक टॉगल जोरात ओढतो. कॅनपी एका बाजूला कलते, डाइव्ह मारते, आणि परत सपाट व्हायला तिला जेवढी उंची लागते तेवढी खाली उरलेली नसते. उपाय वरच शिकायचा असतो. अडीच हजार फुटांच्या वर, आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून, दोन्ही टॉगल अर्ध्यापर्यंत आणा आणि मग एक बाजू थोडी वर सोडून वळा. कॅनपी फारशी न कलता फिरते, उंचीही कमी जाते. हे इतक्या वेळा करा की घाबरल्यावर हात आपोआप तेच करतील. आणि तरीही खाली चुकलात, तर वाऱ्याच्या दिशेने सरळ उतरा, पूर्ण फ्लेअर द्या, पाय जुळवून पीएलएफ (लोळून धक्का अंगभर वाटून घेणं) करा. वाऱ्याबरोबर उतरताना खरचटेल, कदाचित मनगट मोडेल. खालच्या वळणात माणूस जातो.

पॅटर्नचे (उतरण्याआधीच्या ठरलेल्या मार्गाचे) आकडे बहुधा शिकवलेच असतील: १००० फुटांवर वाऱ्याबरोबर, ६०० वर आडवं, ३०० वर वाऱ्याच्या समोर. शेवटच्या टप्प्यात समोरच्या जमिनीवर एक बिंदू असा सापडतो जो नजरेत वरही सरकत नाही आणि खालीही. तुम्ही जिथे पोचणार ती जागा तीच. तो शोधायची सवय लावा, अंदाज झपाट्याने सुधारतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचंही ध्यानात ठेवा, कारण कधीतरी भारतातही उडी माराल. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर, म्हणजे पुण्याच्या आसपासची उंची, आणि तापमान ३८ अंश धरलं तर हवा इतकी विरळ होते की ती पाच हजार फुटांवरच्या प्रमाण हवेसारखी वागते. तीच कॅनपी, तेच वजन, पण जमिनीजवळचा वेग स्पेनच्या किनाऱ्यावरच्या थंड सकाळपेक्षा सुमारे आठ टक्के जास्त. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सोळा टक्क्यांच्या घरात. वारा पडलेला असेल तर पळत उतरायची तयारी ठेवा, आणि शक्य असेल तर दुपार सोडून सकाळची फेरी घ्या.

विक्रेत्याला नाही म्हणताना एवढं मात्र विचारून ठेवा: त्याच्या ओळखीत १९० मेन, १७६ किंवा त्याहून मोठी रिझर्व्ह असलेली, दोऱ्या नव्या घातलेली रिग कोणी काढतं आहे का? विद्यार्थी पुढे सरकले की अशा रिग विकायला निघतात. मिळाली तर पैसे देण्याआधी ती तुमच्या निवडीच्या रिगरकडे पाठवायला सांगा, विक्रेत्याच्या नव्हे. तपासणीचा खर्च तुम्ही करा. आणि घेतलीच तर विमानात केबिनमध्ये सोबत न्या, एएडीचं कार्ड वरच्या खिशात ठेवा म्हणजे एक्स-रेपाशी समजावून सांगता येईल. घरी गाडीच्या डिकीत ठेवू नका. कोरड्या, अंधाऱ्या कपाटात ठेवा, आणि निघायच्या महिनाभर आधी तिथल्या रिगरला रिझर्व्हच्या पॅकची तारीख कळवा.